गुरुजींची वही आणि गलोंड्याची बोली

साने गुरुजी म्हटले की महाराष्ट्राला ‘श्यामची आई’ आठवते. आम्हा सीमावासीयांना मात्र त्यांचे दुसरे एक काम अधिक जवळचे वाटते. ते म्हणजे ‘स्त्रीजीवन’, बायाबापड्यांच्या ओव्यांचा संग्रह.

24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगडास जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने 1924 मध्ये खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तेथील वसतिगृहात ते मुलांचे अंथरूण आवरीत, कपडे धूत आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. 1930 मध्ये स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, पण गुरुजी हे नाव कायम राहिले. जात्यावरच्या ज्या ओव्यांना पाठ्यपुस्तकांत जागा नव्हती, त्या त्यांनी मायमाउलींकडून जमविल्या, विषयवार लावल्या आणि त्यांतील जीवन उलगडून दाखविले. निरक्षर स्त्रीच्या तोंडचे शब्द साहित्य म्हणून मांडणारा हा शिक्षक होता.

आमच्या गलोंड्यास असा शिक्षक हवा आहे. सिल्वासा परिसरातील हा मुलूख 1954 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता; 1961 मध्ये तो भारतीय संघराज्यात विलीन झाला. येथील पाड्यांवर वारली, कोकणा, धोडिया या बोली नांदतात. मूल घरात एक बोली ऐकते, बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी, आणि शाळेत पुस्तकाची भाषा. लग्नात धवलेरी गाते, भगत कणसरीची कथा सांगतो. ते शब्द मात्र शाळेच्या दारापाशीच थबकतात.

ही बोली कोणाची, यावर वाद फार. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने 1905 च्या मराठीविषयक सातव्या खंडात वारलीस स्थान दिले. 2011 च्या जनगणनेने वारली ही मातृभाषा भिली-भिलोडी या गटात मोजली. आम्ही मराठीचा कैवार घेणारे साहजिकच पहिला दाखला पुढे करतो. तथापि ज्या बोलीवर आपण हक्क सांगतो, तिच्या किती कथा आपण टिपून ठेवल्या? रकान्यांसाठी भांडताना कथा सांगणारी आजी निघून गेली, तर जिंकलेला रकाना रिताच राहील.

1949 च्या पुणे येथील साहित्य संमेलनात गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांतांनी परस्परांच्या भाषा आपुलकीने शिकाव्यात, हा तिचा गाभा. सीमेवर ही आपुलकी रोजच्या व्यवहाराची गरज आहे. आम्हांस शेजारच्या गुजरातीचा द्वेष करावयाचा नाही; आम्हांस आमच्या घरचे शब्द राखावयाचे आहेत.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे शिकविणाऱ्या प्रत्येक मराठी शिक्षकास आमची म्हणूनच विनंती आहे. एक वही घ्यावी. पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांकडून, त्यांच्या संमतीने, एक कथा ऐकावी. ती देवनागरीत, त्यांच्याच उच्चारांप्रमाणे उतरवावी. प्रमाण मराठीच्या साच्यात घालून ‘शुद्ध’ करू नये. सांगणाऱ्याचे नाव आणि पाडा वर लिहावा. मग ती कथा वर्गात त्याच पाड्यावरच्या मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावी. त्या दिवशी आपल्या घरची बोलीही लिहिता येते, हे त्या मुलास कळेल.