फिल्म निवडताना आठवलेल्या बिभा चौधुरी

गेल्या महिन्यात भिलाईच्या घरी वडिलांचा जुना कॅमेरा सापडला. त्यासाठी कृष्णधवल फिल्म मागवायची होती. इल्फर्डची एचपी५ प्लस घ्यावी की कोडॅकची ट्राय-एक्स, या विचारात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. दोन्हींची संवेदनशीलता आयएसओ ४००. फरक पोताचा आणि करड्या छटांचा. जिलेटिनमधील सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक मोठे असतील तर कमी प्रकाशातही चित्र उमटते, पण खरबरीत दिसते. बारीक असतील तर तपशील टिकतो, मात्र प्रकाश अधिक लागतो.

हा विचार करताना दार्जिलिंगमधला एक प्रयोग आठवला. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधील देबेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी इल्फर्डच्या फोटोग्राफिक प्लेट्स वैश्विक किरणांत ठेवल्या. विद्युतभारित कण इमल्शनमधून गेला की डेव्हलप केल्यावर त्याच्या मार्गावर चांदीच्या कणांची रांग दिसते. त्या कणांमधील अंतर आणि मार्गाची वळणे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्यांनी इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट वस्तुमानाचा कण नोंदवला. हे निबंध १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’मध्ये आले.

त्यांच्यापाशी हाफ-टोन प्लेट्स होत्या. अधिक संवेदनशील फुल-टोन प्लेट्स महायुद्धामुळे मिळेनात. रांगेत कण विरळ, म्हणून मापनातील अनिश्चितता मोठी. १९४७ मध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटाने इल्फर्डच्याच सुधारित इमल्शनमध्ये पायॉन ओळखला. १९५० चे नोबेल पॉवेल यांना मिळाले. केवळ प्लेट्समुळे ते हुकले, असे म्हणणे फार सोपे ठरेल. पण इमल्शनची निवड त्यांच्या हाती नव्हती, एवढे निश्चित.

माझ्या पीएच.डी.च्या काळात हवा तो डिटेक्टर वेळेवर आला नाही. वर्षभर दुय्यम उपकरणावर मोजमापे केली आणि आलेखावरच्या रुंद त्रुटीपट्ट्यांची मला लाज वाटत राहिली. आता वाटत नाही. आहे त्या साधनाची मर्यादा प्रामाणिकपणे मांडणे हेही मोजमापच असते.

बिभा चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागल्या. २०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले. विद्यार्थी मित्रहो, शोधनिबंधातील ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग वगळू नका. काय वापरले ते तिथे लिहिलेले असते. काय मिळू शकले नाही, ते बहुधा आपणच शोधावे लागते.