जळणे आणि जाळणे

आमच्या घरी वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. मागील वर्षी तो लावला असता दहाच मिनिटांत वार्निशचा करपट वास सुटला. वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर इतका तापला होता की त्यावर बोट टेकवेना. दुरुस्ती करणाऱ्याने निर्णय दिला, "ट्रान्सफॉर्मर जळाला, सेट भंगारात द्या." आई काही बोलली नाही, रेडिओवरचे विणलेले आच्छादन तेवढे तिने सारखे केले.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला त्या वाक्यातील क्रियापद खुपले. 'जळणे' हे अकर्मक. जाळणाऱ्याचा उल्लेख न करताही वाक्य पूर्ण होते. 'जाळणे' म्हटले की मात्र 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो. 'पडणे-पाडणे', 'गळणे-गाळणे' या जोड्या आपण अभ्यासल्याच आहेत. मी तोच प्रश्न रेडिओला विचारायचे ठरवले.

भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना सोबत घेतले. सर्व व्हॉल्व्ह काढून आम्ही रेडिओच्या वायरीत ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब एकसर जोडला. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतच शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटला असता. तो जवळजवळ विझलेलाच राहिला. म्हणजे ज्याच्यावर आरोप होता तो निर्दोष! मग रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह बसवले. त्यांच्या तारा तापवण्यापुरता बल्ब मंद उजळला. शेवटी रेक्टिफायर बसवला. काही क्षणांतच बल्ब प्रखर झाला. दोष त्याच्या पुढे होता: एकदिश प्रवाहातील चढउतार शमवणारा कंडेन्सर आतून वाळला होता आणि वीज थेट चासीत गळत होती. तो सारा बोजा ट्रान्सफॉर्मर मुकाट वाहत होता.

(कृपया हा प्रयोग एकट्याने करू नका. वायर काढल्यावरही अशा कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो.)

परंतु उत्तर तेथे संपत नव्हते. इतका प्रवाह वाहू लागताच फ्यूज उडायला हवा होता. तो का उडाला नाही? काही वर्षांपूर्वी तो वारंवार उडतो म्हणून वैतागून मीच त्याच्या जागी जाड तार बसवली होती. सहकाऱ्यांनी ती चिमट्यात धरून माझ्यासमोर केली. 'कोणी?' या प्रश्नाला मी असे उत्तर अपेक्षिले नव्हते.

नवा कंडेन्सर आणि योग्य क्षमतेचा फ्यूज घातला. तासभर गाणी ऐकल्यावर मी रेडिओ बंद करून, प्लग काढून ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला. तो केवळ कोमट होता. आतून आईचा आवाज आला, "बंद का केलास रे?"