तांबडा गहू आणि औषधवाला

1966 च्या दुष्काळात माणदेशातल्या आमच्या घरी रेशनवर अमेरिकेचा तांबडा गहू यायचा. आम्ही ज्वारी-बाजरी खाणारी माणसं. आई म्हणायची, "सणाची चपाती रोजची झाली, पर ह्याला सण कोण म्हनंल?" पुढं मी डी. फार्म. होऊन गावात औषधाचं दुकान टाकलं. त्या गव्हामागं एक औषधवाला होता, हे कळलं ते त्यानंतर.

ह्युबर्ट हम्फ्री त्यांचं नाव. 1911 साली साउथ डकोटातल्या वॉलेस या खेड्यात, वडिलांच्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीत ते जन्मले. पुढं मंदी आली, तिच्या पाठोपाठ दुष्काळ. धुळीची वादळं उठली, पिकं गेली, बँका बुडाल्या. पोरानं विद्यापीठ सोडलं, डेन्व्हरला औषधशास्त्राचा अभ्यासक्रम काही महिन्यांत उरकला आणि ह्युरॉन गावात वडिलांच्या दुकानात उभा राहिला. माणसांच्या औषधांबरोबर डुकरांचीही औषधं विकायची. पिकं गेलेला शेतकरी औषध मागताना कसा बोलतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

1937 ला ते पुन्हा शिकायला गेले. 1945 मध्ये मिनियापोलिसचे महापौर झाले. 1948 च्या पक्ष अधिवेशनात काळ्या लोकांच्या हक्कांसाठी ते असं बोलले, की पक्षानं तो ठराव घेतला आणि दक्षिणेकडचे काही प्रतिनिधी उठून गेले. त्याच वर्षी ते सिनेटवर निवडून आले. कोणतं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, याचा अमेरिकेतला 1951 चा कायदा त्यांनी आणि कार्ल ड्युरॅम यांनी आणला. ड्युरॅमही औषधवालेच. आपल्याकडचा कायदा वेगळा, पण "चिठ्ठी कशाला, तीच गोळी द्या की" म्हणणाऱ्याशी रोज हुज्जत घालताना मला हे दोघं आठवतात.

अमेरिकेचं जादा धान्य भुकेल्या देशांना द्यावं, म्हणून सिनेटमध्ये जोर लावणाऱ्यांत हम्फ्री पुढं होते. 1954 चा पी. एल. 480 कायदा झाला, त्यातूनच आमचा तांबडा गहू आला. पण गंमत बघा. 1966 ला हम्फ्री उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि त्यांचेच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन भारताचा गहू थोडाथोडा सोडत होते. दिल्लीनं शेतीचं धोरण बदलावं, हा हेतू. व्हिएतनामवर भारत जे बोलला त्याचा रागही होता. त्याच युद्धाची बाजू हम्फ्री जाहीरपणे मांडत राहिले. 1968 ला निक्सनकडून एक टक्क्याहून कमी मतांनी ते राष्ट्राध्यक्षपद हरले. 1971 ला पुन्हा सिनेटमध्ये गेले आणि 1978 ला वारले.

मी त्यांना देव म्हणत नाही. पण त्या गव्हानं आमची पोटं भरली, आणि तो देताना आमच्या देशाला दारात उभं केलं गेलं, दोन्ही खरं. उधारी देताना गिऱ्हाइकाला मुद्दाम ताटकळत ठेवणारे दुकानदार मी पाहिलेत. औषध तेच मिळतं, पण नेणाऱ्याची मान खाली जाते.

आता दुकानात सून बसते. हिशोब कॉम्प्युटरवर. मी तिला एवढंच सांगितलंय, "पोरी, रोखवाला असो की उधारीवाला, ज्याचा नंबर आधी त्याला औषध आधी."