समोरचा संघ

विक्रमांच्या यादीत फलंदाजांची नावं ठळक छापतात. समोरच्या संघाचा उल्लेख झालाच, तर ओळीच्या शेवटी, एका शब्दात. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. शाळांच्या हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना. शारदाश्रम २ बाद ७४८, डाव घोषित. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. दोघांची न तुटलेली भागी ६६४ धावांची. हे आकडे मुंबईत कुणालाही अर्ध्या झोपेतून उठवून विचारावेत. समोर कोण होतं असं विचारलं, की मात्र भलेभले थबकतात.

समोर सेंट झेवियर्स होती. धोबी तलावची, फादर लोकांची, मुलांची शाळा. मैदानापासून अगदी चालत जाण्याच्या अंतरावर.

मी गिरगावातला, मराठी शाळेत शिकलेला. झेवियर्सची मुलं आम्हांला दिसायची ती रस्त्याच्या पलीकडून. तरी त्या शाळेविषयी मला लहानपणापासून एक ओढ आहे, आणि तिचा मोठा भाग त्या परिसराचा आहे. धोबी तलावला आता तलाव नाही, धोबीही नाहीत, पण एवढ्याशा चौकात किती मुंबई दाटलेली! मेट्रो सिनेमाच्या समोर जेर महालच्या माळ्यांवर गोवेकरांची कुडं. एकेका गावाचं एकेक कूड. जहाजावर नोकरीला निघालेला खलाशी बोटीची वाट बघत तिथे ट्रंक ठेवून राहायचा, संध्याकाळी आल्तारापुढे रोझरी म्हणायचा. तिथेच कयानीची बेकरी, १९०४ पासूनची, तिथल्या मावा केकचा वास सकाळच्या रस्त्यावर. वाद्यांची जुनी दुकानं. सोनापूरच्या गल्लीतलं चर्च. मागे गेलं की कावेल, आणि कावेल ओलांडलं की आमचं गिरगाव, ठाकूरद्वार, चाळी. अशा जागी उभी राहिलेली शाळा एकाच जातीधर्माची राहणं शक्यच नव्हतं.

१८६९ साली ती सुरू झाली. त्याच साली झेवियर्स कॉलेज निघालं आणि त्याच साली नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. किल्ल्याचा तट पाडून मुंबई नुकती मोकळी झाली होती. कापसाच्या तेजीत शहराने पैसा पाहिला होता आणि १८६५ च्या पडझडीत तो जाताना पाहिला होता. कालव्याने युरोप जवळ आल्यावर बंदराला, कचेऱ्यांना, रेल्वेला इंग्रजी लिहिणारे तरुण हवे होते. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांनी वांद्र्याला १८६३ मध्ये सेंट स्टॅनिस्लॉस आणि माझगावला १८६४ मध्ये सेंट मेरीज आधीच काढली होती. शहराच्या ऐन मध्यावर ही तिसरी.

हे फादर बहुतेक जर्मन नि स्विस. १८७२ मध्ये बिस्मार्कने कायदा करून जेझुइटांना जर्मनीतून बाहेर काढलं. म्हणजे इथे व्याकरण शिकवणाऱ्या कित्येकांच्या संघाला आता स्वतःच्या देशात थारा नव्हता. त्यांनी मुंबईत शाळा चालवल्या, कॉलेज वाढवलं. मग १९१४ चं महायुद्ध आलं आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी त्यांतले जर्मन शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं, निम्मं आयुष्य या उष्ण, दमट शहराला दिलेली. त्यांना कामावरून दूर केलं, नजरकैदेत ठेवलं आणि बहुतेकांना परत पाठवून दिलं. त्यांची जागा पुढे स्पेनच्या जेझुइटांनी घेतली. सिंधू संस्कृतीच्या लिपीवर आयुष्य वेचणारे फादर हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले ते त्याच ओघात. शाळा एका देशाच्या हातातून दुसऱ्या देशाच्या हातात गेली आणि तास वाजत राहिले. या गोष्टीचं मला फार वाटतं. ज्या माणसांनी इमारत उभी केली ती एका हुकमानं दूर जातात, आणि दुसऱ्या दिवशी चौथीतल्या पोरांना तरीही पाढे म्हणायचे असतात.

अशा शाळेतले दिवस कसे असतात, हे माझ्या पिढीतल्या झेवियर्सच्या मित्रांकडून मी इतकं ऐकलंय की ते जवळजवळ माझेच झालेत. पांढऱ्या झग्यातले फादर व्हरांड्यातून येताना दिसण्याआधीच वर्ग शांत होई. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला गेली की उरलेल्यांना मॉरल सायन्स. उरलेले म्हणजे पारशी, गुजराती, मुसलमान आणि आमचे मराठी. 'अवर फादर' सगळ्यांना पाठ. जानवं घातलेल्या मुलालाही, घरून फातिहा शिकून आलेल्यालाही. ३१ जुलैला संत इग्नेशियसचा सण, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा. तो दिवस शाळेच्या नावाचा, म्हणून मोठा. डब्यात एकीकडे धनसाक, एकीकडे थेपले, एकीकडे घडीची पोळी आणि बटाट्याची भाजी, आणि मधल्या सुट्टीत कोणता डबा कोणाचा हे कुणी पाहत नसे. मराठी हा तिथे शाळेतल्या अनेक विषयांपैकी एक. मराठी मुलांच्या आयांना त्याची खंत वाटे. ती खंत खरी होती, आणि आजही अशा शाळांतून मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात मराठी पुस्तक क्वचितच असतं. त्या शाळेवर माझं प्रेम आहे म्हणून हे झाकून ठेवावं असं मला वाटत नाही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. १५९९ मध्ये जेझुइटांनी आपल्या सगळ्या शाळांसाठी एक नियमावली छापली, 'रॅशिओ स्टुडिओरम'. तिच्यात शिक्षकाला सांगितलेलं आहे की प्रत्येक मुलाला वर्गातच एक प्रतिस्पर्धी नेमून द्यावा. एकाने धडा म्हणायचा, दुसऱ्याने त्याची चूक पकडायची. युरोपातल्या त्यांच्या शाळांत अख्खा वर्ग दोन छावण्यांत वाटलेला असे, एक रोम, दुसरी कार्थेज. दोन्हीकडे सरदार, दोन्हीकडे शिपाई, आणि लढाई लॅटिन क्रियापदांची. मुलगा एकट्याने वाढत नाही, समोर कुणीतरी लागतं, ही त्यामागची समजूत. समोरचा जितका तयारीचा, तितकं तुमचं म्हणणं पक्कं. मुंबईत येईपर्यंत जवळजवळ तीन शतकं लोटली होती, लॅटिनही मागे पडत गेलं. पण त्या समजुतीला इथे एक हक्काची जागा मिळाली. रस्ता ओलांडला की मैदान होतं.

लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर होते १८९० ते १८९५. त्यांच्या नावाची शील्ड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आंतरशालेय क्रिकेटमध्ये आली आणि मुंबईच्या शाळांना कायमचे प्रतिस्पर्धी मिळाले. या शहरात क्रिकेट शिकवलं जातं ते शाळेच्या नावानं एकमेकांसमोर उभं राहून. अंजुमन-ए-इस्लाम, झेवियर्स, नंतर किंग जॉर्ज, शारदाश्रम. ताडदेवच्या चिखलवाडीतला सुनील गावसकर झेवियर्सचाच. शाळेच्या शेवटच्या वर्षात त्याच्या खेळी नाबाद २४६, २२२ आणि ८५. १९६६ मध्ये भारतातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू म्हणून त्याची निवड झाली. पाच वर्षांनी वेस्ट इंडिजमध्ये त्याने पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. झेवियर्सच्या मुलांनी इतर शाळांच्या मुलांना किती उन्हात पळवलं असेल! ते उन्हात पळणं एके दिवशी उलट दिशेनं आलं.

तो दिवस २३ फेब्रुवारी १९८८. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले. त्यानंतर गोलंदाजांना यश मिळालंच नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डाव घोषित होईपर्यंतही नाही. कांबळी सोळा वर्षांचा, तेंडुलकर पंधरावं पूर्ण व्हायला दोन महिने असलेला. समोरची अकरा मुलंही त्याच वयाची. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला खेटून उभा असतो. सीमारेषा म्हणजे चुन्याची एक पुसट ओळ, पलीकडे परक्या सामन्याची माणसं. चौकार गेला की चेंडू दुसऱ्यांच्या खेळातून शोधून आणायचा. असे चौकार किती गेले ते मोजायची माझी इच्छा नाही. पायाखाली लाल माती, डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन, आणि धावफलक चारशेच्या, पाचशेच्या, सहाशेच्या पुढे. एक गोलंदाज रडला, मुलांना पुढे खेळायचंच नव्हतं, असं सांगतात. मला त्यात लाजिरवाणं काही दिसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने अशा वेळी रडावंच. मला भिडतं ते यापुढचं, की पुढचं षटक टाकलं गेलं. कुणीतरी चेंडू हातात घेतला, शर्टाला पुसला आणि रनअपच्या खुणेवर परत गेला.

सैराज बहुतुले नावाचा लेगस्पिनर त्या संघात होता. त्याने २७ षटकं टाकली, १८२ धावा दिल्या, बळी एकही नाही. दिवसभर मार खाऊनही लेगस्पिन टाकत राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी टाकली त्यांना विचारा. मनगट सैल ठेवावं लागतं, चेंडूला उंची द्यावी लागते, आणि उंची दिली की समोरचा पुढे सरसावतो. भीतीनं चेंडू सपाट टाकावासा वाटतो. सत्ताविसाव्या षटकातही ज्याच्यावर विश्वासानं चेंडू सोपवला गेला तो मुलगा पळून गेलेला नव्हता.

मग झेवियर्सची फलंदाजी. १४५ सर्वबाद. कांबळीनेच ३७ धावांत सहा बळी घेतले. शारदाश्रम अंतिम फेरीत गेली, आणि तिथे अंजुमनसमोर तेंडुलकरने पुन्हा नाबाद ३४६ काढल्या. ६६४ ही तेव्हा कुठल्याही दर्जाच्या क्रिकेटमधली जगातली सर्वांत मोठी भागी होती. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ती ७२१ वर नेली.

बहुतुलेचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९९० मध्ये एका मोटार अपघातात त्याच्या पायाला जबर दुखापत झाली, पायात सळई घालावी लागली. तो परत आला. मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळला, प्रथम श्रेणीत ६३० बळी घेतले. मार्च २००१ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध मालिकेचा निर्णय करणारी कसोटी होती. स्टीव्ह वॉचा संघ, ईडन गार्डन्सचा चमत्कार नुकताच झालेला. त्या कसोटीत बहुतुलेने भारताकडून पदार्पण केलं. त्याच अकरा जणांत तेंडुलकर होता, त्याने १२६ धावा काढल्या. भारत दोन गडी राखून जिंकला, मालिका २-१ अशी आपली झाली. तेरा वर्षांपूर्वी आझाद मैदानावर दोन टोकांना उभी असलेली दोन मुलं एका ड्रेसिंगरूममध्ये होती.

या सामन्याची आठवण दरवर्षी फेब्रुवारीत निघते, फलंदाजांचे फोटो छापून येतात. झेवियर्सच्या बाजूनं तो क्वचितच कुणी आठवतो. मला उलट वाटतं, की दीडशे वर्षांच्या त्या शाळेच्या इतिहासात हा दिवस गावसकरच्या २४६ च्या शेजारी मांडावा. फादरांच्या जुन्या नियमावलीत नेमून दिलेला प्रतिस्पर्धी चूक पकडण्यासाठी होता. इथे दीड दिवस चूकच होत नव्हती, आणि तरी समोरची मुलं जागा सोडून गेली नाहीत. त्यांनी खरी गोलंदाजी केली म्हणून त्या धावा खऱ्या आहेत. सोडून दिलेल्या सामन्यात विक्रम होत नाही.

हॅरिस शील्डचे सामने अजून होतात. आझाद मैदानावर यायला तिकीट लागत नाही. चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून चालत या, कुठल्याही तंबूपाशी उभे राहा. स्कोअरर मुलाला फलंदाजाच्या धावा जरूर विचारा, पण त्याआधी गोलंदाजी कोण करतोय त्याचं नाव विचारा.