नाव बदललेले कार्ड

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील लिनक्स सर्व्हरमध्ये आम्ही नवे स्टोरेज कार्ड बसवले. सर्व्हर सुरू झाला, पण नेटवर्कवर येईना. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची आकडेमोड त्यातच अडकली होती. केबल बदलली, स्विच तपासला. पहाटे उलगडा झाला. नेटवर्क कार्डाचे 'ईएनपी३एस०' हे नाव 'ईएनपी४एस०' झाले होते आणि आयपी पत्त्याची नोंद मात्र जुन्याच नावावर होती.

पूर्वी कर्नलला कार्डे ज्या क्रमाने सापडत, त्या क्रमाने 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी नावे मिळत. रीबूटनंतर हा क्रम कधी उलटे आणि फायरवॉलचे नियम भलत्याच दारावर पहारा देत. म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली: 'ईएन' म्हणजे ईथरनेट, 'पी३' म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३, 'एस०' म्हणजे त्या बसवरील स्लॉट क्रमांक ०.

आमचे नेटवर्क कार्ड जागचे हलले नव्हते. नव्या शेजाऱ्यामुळे बसचे क्रमांकच सरकले होते. अखेर कार्डाच्या मॅक पत्त्यावरून एका छोट्या फाइलीत आम्हीच त्याचे नाव ठरवून दिले: 'लॅन०'. कार्ड बदलले तर ती ओळ बदलावी लागेल, हे खरे. पण तेव्हा नाव का हरवले, हे शोधण्यात रात्र जाणार नाही. विद्यार्थिनीला तिचे निकाल सकाळी मिळाले. मी त्याच दिवशी उरलेल्या सर्व्हरांच्या नोंदी तपासायला घेतल्या.