गाभ्याची माती

बाबांचा काळ्या मातीवर जीव होता आणि तिची धास्तीही. आमच्या सेलूकडे कुठेही कुदळ मारा, तीच लागायची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. कपाशी आणि तूर तिच्यावर जोमानं येतात, घरांच्या भिंती मात्र तडकतात.

बाबा पाटबंधारे खात्यात सिव्हिल इंजिनिअर होते. आम्ही भाड्यानं राहायचो त्या घरात आईच्या खाटेच्या वर, खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला होता. बाबांनी त्यावर काचेची चिंचोळी पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. आई तेव्हा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली. तिला म्हणाले, "तडा वाढला तर आधी काच तडकेल. ती शाबूत आहे तोवर तू निवांत झोप." उन्हाळ्यात काच तडकली. त्याच संध्याकाळी त्यांनी खाट पलीकडच्या भिंतीला हलवली, नवी काच लावली, खाली नवी तारीख घातली. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते आधी काच बघत, मग आईचा चेहरा.

हिंगणीजवळ बोर नदीवरचं धरण १९६५ साली पूर्ण झालं. ते मातीचं आहे. घरं तडकवणारी माती एवढं पाणी कशी अडवते, असं मी एकदा विचारलं. बाबांनी उकरलेल्या खड्ड्यातून एक ढेकूळ उचललं, बाटलीतलं पाणी शिंपडून मळलं आणि तळहातावर वळून त्याची सुतळीएवढी वळी केली. वळी वाकली, तुटली नाही. मुरमाची अशी वळी होत नाही, तो भुरभुर सांडतो. म्हणून मातीच्या धरणात चिकण काळी माती मधोमध घालायची, थराथरानं, पाणी मारून, रोलरनं दाबत. तो गाभा. दोन्ही अंगांनी मुरमाचं कवच आणि पाण्याच्या बाजूला लाटांसाठी दगडी पिचिंग. "उघड्यावर वाळली की तडकते. आत दाबून ओलसर ठेव, मग तिच्याइतकं भरवशाचं काही नाही," ते म्हणाले. आमच्या घरात ही गाभ्याची जागा त्यांचीच होती. बाहेरून ते कोणाला फारसे दिसत नसत.

मातीचं धरण थोडं पाझरतंच, हेही त्यांनीच सांगितलं. पायथ्याशी ते पाणी मोजतात. किती येतं ते बघायचंच, पण आधी ते कसं येतं ते बघायचं. नितळ असेल तर काळजी नाही; गढूळ आलं की समजायचं, आतली माती निघायला लागली. बाबा ते पाणी काचेच्या बाटलीत धरून उन्हाकडे करून बघत. एवढ्या मोठ्या बांधाची तब्येत त्या बाटलीत दिसते, याचं मला आजही नवल वाटतं.

ही सावधगिरी कुठून आली, ते मला ठाऊक आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजात ते शिकत असताना, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं आणि पुणं पाण्याखाली गेलं. पुढे ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं मोवाड धुऊन नेलं. मोवाड त्यांच्या हद्दीतलं नव्हतं, नागपूर जिल्ह्यातलं. तरी त्या पावसाळ्यात रात्री सर वाढली की ते उठून बसत आणि छत्री शोधू लागत.

बढतीवर मुंबईला जायचं त्यांनी आईच्या दुखण्यासाठी नाकारलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. रविवारी आम्हाला कधी पवनारला धाम नदीवर नेत, कधी सेवाग्रामला. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा त्यांची अट होती: घराला पाचशे रुपयांवर खर्च नको आणि सामान जवळपासचंच हवं. लोक बापू कुटीत हात जोडून उभे असत. बाबा खाली वाकून भिंतीचा पाया न्याहाळत आणि लिंपण ताजं दिसलं की खूश होत. मातीची भिंत टिकते ती दरवर्षी कुणीतरी हात फिरवतं म्हणून, असं त्यांचं मत होतं.

बाबांना माया बोलून दाखवता येत नसे, असं नात्यातले म्हणतात. मला ते पटत नाही. निवृत्तीनंतर आईच्या औषधांची वही त्यांनी साइटच्या रजिस्टरसारखी आखली होती: तारीख, वेळ, बीपी, गोळी आणि शेवटचा रकाना 'शेरा'. अक्षर तेच, ड्रॉइंगवरचं, सुटं सुटं. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'ठीक' आहे. मधूनच काही वेगळं सापडतं. 'पायऱ्या स्वतः चढली.' 'झोप कमी, मी जागा होतो.' 'आज फोडणी तिनेच घातली. वरण उत्तम.'