सूझांचा काटेरी ख्रिस्त

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४ साली गोव्यातल्या साळगावात, कॅथलिक कुटुंबात झाला. १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. गरीब, कष्टकरी माणसं त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांचा विषय होती. १९४९ मध्ये ते लंडनला गेले. १९५५ च्या ‘मिस्टर सेबॅस्टियन’ या चित्रात संत सेबॅस्टियनच्या अंगातले बाण सूट घातलेल्या माणसाच्या चेहऱ्यात आणि मानेत रुतले आहेत. १९५९ च्या ‘क्रुसिफिक्शन’मधला काळा, काटेरी ख्रिस्त भक्ताला दिलासा देत नाही, वेदनाच समोर ठेवतो. पुढे त्यांनी मासिकांच्या चकचकीत पानांवरही रसायनं वापरून चित्रं काढली. धर्म आणि प्रतिष्ठा यांचे मुखवटे इतक्या निर्भयपणे ओरबाडणारा चित्रकार भारतीय कलेत विरळाच.